'अ‍ॅलिस' आणि नशेची दंतकथा

ठाण्यात मासुंदा तलावाच्या कट्ट्यावरच्या गप्पा असोत की ग्रंथालयातला वाचनकट्टा, लुईस कॅरॉलची 'अ‍ॅलिस' ही बालकथा मोठेपणी पुन्हा वाचायला घेणाऱ्याला कोणीतरी हमखास ऐकवतो की ती गोष्ट लेखकाने नशेत लिहिली. हा समज निराधार आहे. कॅरॉल, म्हणजे ऑक्सफर्डमधील गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन, यांनी मादक पदार्थांचे व्यसन केल्याचा कोणताही पुरावा त्यांच्या उपलब्ध रोजनिशींत नाही. गोष्ट जन्मली ती 4 जुलै 1862 रोजी, नौकाविहारात तीन लहान बहिणींना रिझवताना. पुस्तक निघाले 1865 मध्ये. एलएसडी हे भास घडवणारे मादक द्रव्य तर प्रयोगशाळेत 1938 मध्ये तयार झाले. हुक्का ओढणारी अळी आणि उंची बदलणारे अळंबे यांवरून 1960 च्या दशकातील वाचकांनी आपल्या काळाचा अर्थ पुस्तकावर लादला.

खरे तर त्या निरर्थकतेमागे कमालीची शिस्त आहे. अ‍ॅलिस 'चार पंचे बारा, चार सक तेरा' म्हणते आणि या गतीने आपण विसापर्यंत पोचणारच नाही म्हणून हळहळते. संख्यालेखनाचा पाया दहाऐवजी अठरा धरला, तर वीस ही संख्या (एक अठरा आणि वर दोन) 12 अशीच लिहिली जाते. पाया एकवीस धरला, तर चोवीस (एक एकवीस आणि वर तीन) 13 अशी. शिवाय इंग्रजी पाढा बाराशी थांबतो, आणि अ‍ॅलिसच्या चालीने तिथे, म्हणजे चार गुणिले बारापाशी, एकोणीसच येतात! लहानपणी निसटलेली ही गंमत प्रौढ वाचकाने पेन्सिल घेऊन पडताळावी, असे मला मनापासून वाटते.