ओझं वाहते ती हवा

गेल्या मे महिन्यात ओळखीतल्या एका पिकअपवाल्याबरोबर आळेफाट्यावरच्या टायरच्या दुकानात दोन तास बसलो होतो. त्याची गाडी नारायणगावात टोमॅटोचे क्रेट भरते, ओतूरवरून माळशेज उतरते आणि मुरबाड-कल्याण करत पहाटे वाशीच्या बाजारात लागते. मागच्या दोन्ही टायरांची नक्षी पुसत आली होती. दुकानदारानं काही विचारायच्या आत जाड बटणांची, म्हणजे रबराच्या उंच सुट्या ठोकळ्यांच्या नक्षीची, टायरजोडी पुढ्यात लोटली. "भाऊ, हे टाका. गाडी कशी दणकट दिसते बघा." दिसणार होती, यात वाद नाही. पण ही गाडी वर्षातून पाच-सहा वेळा शेताच्या बांधापर्यंत जाते. बाकी सगळा जन्म डांबरावर नाहीतर काँक्रीटवर. तिथे ही बटणं काय करतात हे कळायला टायरच्या पोटात शिरावं लागतं.

पोटात असते हवा, आणि ओझं वाहते ती हवाच. रबर, दोरे आणि पोलादी तारा यांचं मुख्य काम त्या हवेला कोंडून धरण्याचं. मागच्या एका चाकावर ९५० किलो भार आणि टायरमध्ये ६५ पाउंड हवा धरू. पंपावरचा 'पाउंड' म्हणजे दर चौरस इंचावर तितके पाउंड. ६५ चे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४.६ किलो होतात. भागाकार केला की रस्त्याला टेकणारी जागा निघते सुमारे २०६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदाचा तिसरा हिस्सा. टायरची भिंतही थोडा भार उचलते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा सरकतो, पण ढोबळमानानं एवढ्याशा जागेवर सगळा कारभार चालतो. ब्रेक लागतो तो इथेच, वळण घेतलं जातं तेही इथेच.

टायरच्या भिंतीवर लिहिलेलं बहुतेकजण अर्धंच वाचतात. २१५/७५ आर १५ यातला २१५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ७५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, 'आर' म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा, इंचातला व्यास. इथवर सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढे बारीक अक्षरात १०४/१०१ क्यू असं काहीतरी असतं, आणि पिकअपसाठी खरा मजकूर तोच. १०४ हा भारांक, म्हणजे एका टायरला ९०० किलो. तिरप्या रेघेनंतरचा आकडा जोडचाकांसाठी. 'क्यू' म्हणजे वेगमर्यादा, ताशी १६० किलोमीटर.

भारांकाची शिडी फसवी आहे. १०० म्हणजे ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०, ११४ म्हणजे ११८०. ती डेसिबलसारखी लॉगरिदमच्या तत्त्वावर बांधलेली आहे: दर पायरीला वजन जवळपास ३ टक्क्यांनी वाढतं आणि ८० पायऱ्यांत दहापट होतं. म्हणून "चारच आकड्यांचा तर फरक आहे" असं म्हणून कमी भारांकाचा टायर घेतला की एका चाकामागे शंभरेक किलो गेलेच.

आता भरलेली गाडी ३ टनांची धरा, त्यातले १.९ टन मागच्या आसावर. एका चाकावर आले ९५० किलो, भारांक १०६. हंगामात भाव चढला आणि मालकानं एक टन जास्त चढवला, तर तो बोजा हौद्यात मागच्या आसाच्या आसपासच बसतो, पुढच्या चाकांना त्याची फारशी झळ लागत नाही. मागच्या एका चाकावर १४५० किलो होतात. त्याला भारांक लागेल १२१. त्या आकाराच्या डिस्कवर असा टायर शोधून सापडायचा नाही, आणि सापडला तरी गाडीचा आस, पाटे आणि ब्रेक जुनेच राहतात.

त्याच आकड्यांचा मोटारीचा टायर आणि 'एलटी' लिहिलेला हलक्या ट्रकचा टायर शेजारी ठेवले तर दिसायला जुळे वाटतात. एलटीचा सांगाडा जास्त ताकदीचा असतो, म्हणून त्यात जास्त दाबानं हवा भरता येते, आणि जास्त दाब म्हणजे जास्त ओझं. ८ पीआर, १० पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे थरांचा आकडा) ही जुनी भाषा आहे. एकेकाळी आत खरोखर सुती कापडाचे तेवढे थर असत. आज थर कमी असतात, आकडा फक्त ताकद सांगतो. स्वस्तात मिळतोय म्हणून मालवाहू गाडीला मोटारीचा टायर चढवणं हा मला सगळ्यात वाईट सौदा वाटतो.

ओझ्याइतकंच महत्त्वाचं प्रकरण म्हणजे उष्णता. रबर दाबलं की ऊर्जा घेतं आणि सोडलं की परत देतं, पण सगळी देत नाही. थोडी आतच उष्णता होऊन राहते. रबराचे लांबच लांब रेणू एकमेकांत शेवयांसारखे गुंतलेले असतात आणि ताणताना एकमेकांवर घासतात. २१५/७५ आर १५ टायरचा घेर साधारण २.२ मीटर. ताशी ८० च्या वेगात तो सेकंदाला दहा फेरे घेतो, म्हणजे प्रत्येक तुकडा सेकंदाला दहा वेळा चेपला आणि सोडला जातो. हवा कमी असेल तर दर वेळी जास्त चेपला जातो. रबर उष्णता बाहेर टाकण्यात मठ्ठ असल्यानं ती साठत जाते, आणि सगळ्यात जास्त साठते नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांच्या कडेला, टायरच्या खांद्यापाशी.

याचं सर्वांत महाग प्रात्यक्षिक अमेरिकेत झालं. फोर्डच्या एक्सप्लोरर या गाडीला फायरस्टोनचे पंधरा इंची टायर येत. गाडी मुळात रेंजर या पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेली. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोनासारख्या उष्ण राज्यांत भर उन्हात, वेगात, सामानानं भरलेल्या गाड्यांच्या टायरची वरची साल पट्ट्यापासून सुटू लागली आणि गाड्या उलटू लागल्या. बळींचा आकडा २५० च्या वर गेला. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. फोर्डनं हवा २६ पाउंड सुचवली होती, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवी होती. दोन्ही कंपन्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि जवळपास शतकाचं नातं तुटलं. अमेरिकेत नव्या गाड्यांना हवा कमी झाल्याची सूचना देणारा दिवा पुढे सक्तीचा झाला, त्यामागे हेच प्रकरण आहे.

इथे बटणं परत येतात. चिखलात त्यांचं काम चोख असतं: दोन बटणांमधल्या रुंद खाचा चिखल चावतात आणि फिरता फिरता झटकून टाकतात. डांबरावर चावायला काही नसतं. उंच, सुटं बटण रस्त्याला टेकताना वाकतं, सरपटतं आणि सुटताना सरळ होतं. या वळवळीत उष्णता होते, रबर झिजतं, डिझेल जळतं आणि घूंऽऽ असा आवाज येतो. शिवाय खाचांची जागा रस्त्याला टेकतच नाही. पुढून मागे सलग पट्ट्यांची रिब नक्षी दिसायला बुळी, पण तिच्या पट्ट्या एकमेकांना आधार देतात, सरळ धावतात आणि थंड राहतात. महिन्यातून चार दिवस कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्याला मधली, पट्टा आणि बटण यांची मिश्र नक्षी मागे चालते. निव्वळ बटणं ज्याची गाडी खाणीत किंवा चिखलातच राबते त्यानं घ्यावीत. आमच्या मित्राला मात्र हे पटवायला एक चहा जास्त लागला.

रबराची जातही बघायला हवी, पण ती डोळ्यांना दिसत नाही. रबर मुळात पांढुरकं. आपल्या दोडामार्गकडच्या रबराच्या बागांतला चीक पाहिलेल्यांना ते माहीत आहे. टायर काळा होतो काजळीमुळे, आणि ही काजळी रंगासाठी नसते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ती मिसळू लागल्यावर टायरचं आयुष्य कितीतरी पटींनी वाढलं. १९९० च्या दशकात मिशेलिन या टायर कंपनीनं काजळीच्या जागी बरीचशी सिलिका, म्हणजे वाळूच्या जातीची पूड, वापरून दाखवली आणि एक जुनी अडचण सुटली. ओल्या रस्त्याच्या बारीक खडबडीवर घासताना रबर सेकंदाला हजारो-लाखो वेळा थरथरतं. तिथे त्यानं ऊर्जा गिळावी, म्हणजे पकड मिळते. फिरताना ते सेकंदाला दहा-वीस वेळाच चेपलं जातं. तिथे त्यानं ऊर्जा गिळू नये, म्हणजे डिझेल वाचतं. सिलिकेनं हे दोन्ही बऱ्यापैकी साधलं. ओझ्याच्या टायरांत मात्र नैसर्गिक रबराचं प्रमाण अजून जास्त ठेवतात, कारण ते कमी तापतं. "हा टायर लाख किलोमीटर चालतो" असं कुणी सांगितलं तर ओल्यात कसा थांबतो हेही विचारावं. टिकाऊ मिश्रण अनेकदा ओल्यात निसरडं असतं. भारतातही २०२२ च्या अधिसूचनेनं मोटारी, हलके ट्रक, बस आणि ट्रक यांच्या टायरांना ओल्यातली पकड, फिरण्याचा अवरोध आणि आवाज यांचे निकष लागू केले आहेत.

पाण्याची गंमत वेगळी आहे. नासाचे वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग करून एक सोपं सूत्र दिलं: साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ३६ पाउंडांना तो ताशी १०० किलोमीटर येतो, २५ ला ८३, आणि ६५ ला १३४. म्हणजे कडक हवा भरलेला पिकअप पाण्यावर तरंगणारच नाही? भरलेला असताना सहसा नाही. पण १९८० च्या दशकात हॉर्न यांनीच दाखवलं की रिकाम्या ट्रकचं गणित निराळं आहे. वाशीला क्रेट उतरले की मागच्या चाकावर उरतात जेमतेम ३०० किलो. हवा तीच ६५. टेकणारी जागा होते सुमारे ६५ चौरस सेंटिमीटर, पत्त्यांच्या पानाहून जराशी मोठी. ती आडवी रुंद आणि लांबीला आखूड असते, त्यामुळे पाणी तिच्याखाली सहज घुसतं आणि तरंगण्याचा वेग खाली येतो.

माळशेजमधले पिकअप भरून जाताना क्वचितच घसरून स्वतःभोवती फिरतात. येताना, रिकामे असताना, पहिल्या पावसात शेपूट टाकतात, असं चालक सांगतात त्याचं मूळ इथेच आहे. त्यात रस्त्यावर महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या सरीत साबणासारखं होतं. म्हणूनच दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे टाकावेत. आपल्याकडे बरेचजण उलटं करतात, स्टिअरिंग पुढे म्हणून नवे पुढे. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि घाटात फिरायला जागा नसते. अर्थात पुढे गुळगुळीत टायर ठेवून मागे नवे टाकणं हाही उपाय नव्हे. कायद्यानं नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला रबर आलं की टायर संपला. मी घाटात चालणाऱ्याला ३ मिलिमीटरलाच बदलायला सांगेन.

मोठा टायर टाकायचा मोह दुकानदारानं दुसऱ्यांदा दाखवला: २१५ ऐवजी २३५. भिंतीची उंची वाढून व्यास ७०३ वरून ७३३ मिलिमीटर होतो, चार टक्क्यांहून जास्त. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टनं धावत असेल, चढाला गिअर जड वाटेल. मिळणार काय, तर रुबाब.

नायट्रोजनची चर्चा समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून फारच वाढली आहे. हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो. कोरडा नायट्रोजन जरा हळू झिरपतो आणि त्याच्याबरोबर बाष्प जात नाही, एवढंच. तापल्यावर तोही हवेइतकाच फुगतो. सकाळी २५ अंशांना ६५ पाउंड भरलेला टायर आतून ६५ अंशांपर्यंत तापला तर ७५ दाखवतो. ढाब्यावर थांबून "हवा वाढलीय" म्हणत ती सोडणारे भेटतात. दुसऱ्या दिवशी थंड टायरात उरतात ५५, आणि वर पुन्हा क्रेट चढतात. हवा थंड असतानाच मोजायची, ती किती हे गाडीच्या पुस्तिकेत बघायचं, आणि भरलेल्या-रिकाम्या गाडीसाठी वेगळे आकडे दिले असतील तर लांबच्या परतीआधी तो त्रास घ्यायचा.

शेवटी मित्रानं रिब नक्षीची एलटी जोडी पसंत केली. पैसे देण्याआधी मी भिंतीवरचे चार आकडे शोधले. निर्मितीची तारीख तिथे असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. एका टायरवर ०८२४ होतं, दुसऱ्यावर ४६२०. न वापरलेलं रबरही प्राणवायू आणि ओझोननं कडक होत जातं. दुकानदारानं काही न बोलता दुसरा टायर आत नेला आणि जोडीचा घेऊन आला. मग आम्ही हौद्याखाली वाकून स्टेपनी पाहिली. धुळीखाली आकडे होते ३११३, आणि तिच्यात हवा होती अठरा पाउंड.