गर्भपाताची नोंद: आकडा सरकारला, नाव कपाटात

नौपाड्यातलं नर्सिंग होम असो की वाशीतलं, मान्यताप्राप्त गर्भपात केंद्राला दर महिन्याला सरकारकडे तक्ता पाठवावा लागतो: किती गर्भपात झाले, किती आठवड्यांचे, कशासाठी. बाईचं नाव त्यात नसतं.

१८६० च्या दंड संहितेत आईचा जीव वाचवण्यापुरती सूट सोडली तर गर्भपात गुन्हाच होता. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका दगावत होत्या, म्हणून केंद्र सरकारने १९६४ मध्ये समिती नेमली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. तिच्या अहवालातून १९७१ चा गर्भपात कायदा आला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला.

नाव फुटेल या भीतीने बाई पुन्हा भोंदूकडेच जाईल, हे उघड होतं. म्हणून १९७५ च्या नियमावलीने नाव फक्त एका प्रवेश नोंदवहीत ठेवलं. केसपेपर, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, फॉलोअपचं कार्ड, सगळीकडे नुसता अनुक्रमांक. संमतिपत्र सीलबंद पाकिटात, वर ‘गुप्त’ असा शेरा. नोंदवही पाच वर्षं जपायची आणि कायद्याने अधिकार दिल्याशिवाय कुणाला दाखवायची नाही. २००३ ची नियमावलीही याच वाटेने गेली. (सज्ञान बाईच्या नवऱ्याची सही कायद्याने कधीच मागितलेली नाही, ती सवय दवाखान्यांची.)

नियम मोडल्याचा दंड मात्र जास्तीत जास्त एक हजार रुपये. एवढ्याला कोण भिणार? २०२१ च्या दुरुस्तीने नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली.

तोवर नाव दुसऱ्या दारांनी बाहेर पडू लागलं होतं. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. हेतू रास्तच होता. पण त्याखाली गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या फॉर्मवर नाव-पत्ता लिहावा लागतो आणि तो अधिकाऱ्यांकडे जातो. म्हणजे गर्भपाताच्या कागदावर जिचा फक्त क्रमांक, तिचं नाव सोनोग्राफीच्या कागदावर.

२०१२ च्या पॉक्सोने, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याने, पेच वाढवला. गर्भपातासाठी आलेली मुलगी अठराच्या आतली असेल तर पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक झालं, मग संबंध तिच्या मर्जीचे असोत वा नसोत. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने वाट काढली: खबर द्यायचीच, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने तिची ओळख सांगण्याची गरज नाही, पुढे खटला उभा राहिला तरी नाही.