पिवळा सापळा कीड मारतो कमी, सांगतो जास्त

कापूस-सोयाबीनच्या रानात पिवळे चिकट सापळे आता मराठवाड्यात सगळीकडे दिसतात. ते लावले की फवारणीची गरज उरत नाही, ही समजूत मात्र महागात पडते.

पांढरी माशी, पंख फुटलेला मावा आणि तुडतुडे उडताना कोवळं पान रंगावरून ओळखतात. पानावरून परतणाऱ्या उजेडातला ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट-पिवळा भाग त्यांना खाली उतरवतो. सापळ्याच्या पिवळ्या फलकावरून हा उजेड पानापेक्षा कितीतरी जास्त परततो, निळा मात्र फारच कमी. म्हणून कीटक पान सोडून फलकावर बसतो. फुलकिडे निळ्या रंगाकडे जास्त ओढले जातात. मिरची, कांद्यात निळे सापळेही हवेत.

सापळ्यावर अडकतो तो फक्त उडणारा कीटक. पांढऱ्या माशीची पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला चिकटून रस शोषत राहतात, त्यांना सापळा काहीच करत नाही. उघड्या रानात शेजारच्या शेतातून नवी माशी येतच राहते. शेडनेटमध्ये ही आवक कमी असते, त्यामुळे तिथे सापळ्यांनी कीड खरोखर कमी होते.

उगवणीनंतर १०-१५ दिवसांत एकरी १० ते १२ सापळे लावा. खरिपात वारा बहुधा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा त्या बांधाकडे दोन-तीन जास्त असू द्या. फलकाची खालची कड पिकाच्या शेंड्याला लागून किंवा वीतभर वर हवी. पीक वाढेल तसा सापळा वर सरकवा. इथेच बहुतेकांचं चुकतं: सुरुवातीला लावलेला सापळा महिन्याभरात पिकात बुडतो आणि रिकामा दिसतो. त्यावरून कीड नाही असा अर्थ काढू नका.

घरी करायचा तर पत्र्याला किंवा प्लायवूडला भडक पिवळ्या ऑइल पेंटचे दोन हात द्या. रंग पूर्ण वाळला की वर पारदर्शक प्लास्टिक पिशवी चढवा आणि तिला एरंडेल तेल किंवा पांढरं ग्रीस पातळ लावा. काळं ग्रीस नको, त्याने रंगच झाकला जातो. पिशवी भरली की बदलायची, फलक तसाच राहतो. उन्हात एरंडेल ओघळतं, धूळ बसली की चिकटपणा जातो. म्हणून सात-आठ दिवसांनी, आणि मोठ्या पावसानंतर लगेच, पुन्हा लावा.

ठरलेले पाच सापळे आठवड्यातून दोनदा मोजून वहीत लिहा. आकडा चढू लागला की वीसेक झाडांची वरची, मधली आणि खालची पानं उलटून बघा. कपाशीत दर पानाला सरासरी दोन-तीन तुडतुडे किंवा आठ-दहा पांढऱ्या माश्या सापडल्या, तर फवारणीची वेळ आली. सुरुवात ५ टक्के निंबोळी अर्काने करता येते. सोयाबीन, मूग, उडदात मात्र इतकी वाट पाहू नका: पांढरी माशी पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग पसरवते, म्हणून तिथे थोड्या माश्याही धोक्याच्या. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करा, कारण लागण झालेलं झाड कोणत्याही सापळ्याने बरं होत नाही.

फलकावर ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवट कीटक), बारीक परोपजीवी गांधीलमाश्या जास्त दिसू लागल्या तर सापळे कमी करा. हे आपले मित्रकीटक. निळ्या सापळ्यांवर मधमाश्याही येतात, म्हणून फुलोऱ्यात ते गरजेपुरतेच ठेवा. वापरलेली प्लास्टिकं बांधावर टाकू नका आणि जाळूही नका.