सोन्याच्या नॅनोकणांचा लाल द्रव निळा पडला, तर बाटली परत पाठवण्याआधी हे वाचा

"सकाळी बाटली उघडली तेव्हा द्रव लालभडक होता, अँटीबॉडी घातली आणि मिनिटभरात जांभळा पडला. माल खराब आहे, बदलून द्या." अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक पेशींना नेमकं चिकटणारं प्रथिन, कणांवर बसवून कॅन्सरच्या पेशी शोधण्यासाठी आमचे २० नॅनोमीटरचे सोन्याचे कण नेणाऱ्यांकडून ही तक्रार वरचेवर येते. माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. गडबड होते ती अँटीबॉडीच्या बफरमुळे, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या ज्या द्रावणात ती येते त्यामुळे.

या कणांवर सायट्रेटचा पातळ थर असतो. त्याचा ऋण भार कणांना एकमेकांपासून लांब ठेवतो. अँटीबॉडी मात्र बहुधा पीबीएस या फॉस्फेटच्या बफरमध्ये येते, आणि पीबीएस म्हणजे चांगलंच खारट पाणी. त्यातलं मीठ हा भार झाकून टाकतं, कण एकमेकांना चिकटतात आणि रंग लालवरून निळ्याकडे जातो. एकदा असे गठ्ठे झाले की कितीही हलवा, ते सुटत नाहीत. अशा बाटलीवर पुढचे चार दिवस घालवू नका. गठ्ठे नको त्या पेशींवरही बसतात आणि स्लाइडवर खोटा सिग्नल दिसतो.

म्हणून अँटीबॉडीचं मीठ आधी काढा. डायलिसिसने किंवा डिसॉल्टिंग कॉलमने ती २ ते ५ मिलिमोलर बोरेटच्या पातळ बफरमध्ये आणा. पीएच तिच्या समविद्युत बिंदूच्या (ज्या पीएचला तिचा एकूण भार शून्य असतो त्याच्या) किंचित वर ठेवा. कुपीत बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) मिसळलेलं असेल, तर मीठ काढूनही भागत नाही: ते अँटीबॉडीच्या आधी कणांवर जागा धरून बसतं. शक्यतो बीएसए नसलेली अँटीबॉडीच मागवा.

मग सगळी बाटली पणाला लावण्याआधी छोटी चाचणी घ्या. काही ट्यूबमध्ये १०० मायक्रोलिटर कण घेऊन प्रत्येकीत अँटीबॉडी थोडी थोडी वाढवत घाला. दहा मिनिटं थांबा, मग १० टक्के मिठाच्या पाण्याचे १० मायक्रोलिटर टाका. लाल राहिलेल्यांपैकी सर्वांत कमी अँटीबॉडी जिच्यात आहे ती ट्यूब बघा, त्या प्रमाणाहून थोडं जास्त घेऊन मोठी बॅच करा. शेवटी बीएसएने उरलेली जागा भरा. त्यानंतर पीबीएस चालतं.

"तुम्ही कण पीबीएसमध्येच का देत नाही?" असंही विचारतात. पीबीएसमध्ये टिकणारे कण द्यायचे तर आम्हाला ते आधीच झाकावे लागतील, मग तुमची अँटीबॉडी नुसती मिसळून त्यांवर बसणार नाही. ज्यांना झाकलेलेच हवेत त्यांच्यासाठी पेगचा (पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचा) लेप दिलेले, जोडणीसाठी कार्बॉक्सिल गट असलेले कण आम्ही ठेवतो. थोडे महाग आहेत, पण नवख्या हातांना ते परवडतात. मीठ काढून जोडणीही आम्ही करून देतो.

बाटली २ ते ८ अंशांवर ठेवा. गोठवलीत तर ती गेलीच. मोठे कण तळाशी बसलेले दिसले तर घाबरू नका, हलकेच फिरवा. बाहेर काढलेला द्रव परत बाटलीत ओतू नका.

लेझरने ट्यूमर तापवण्याच्या प्रयोगांसाठी हे कण मागवू नका. ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात आणि तो ऊतींत खोल जात नाही. त्या कामाला ८०० नॅनोमीटरच्या आसपास शोषणाऱ्या कांड्या किंवा कवचवाले कण लागतात. ऑर्डरआधी लेझर कोणता ते सांगा, त्याप्रमाणे सुचवू.

रुग्णांचे नातेवाईकही फोन करतात, म्हणून स्पष्ट सांगतो: आमचा माल फक्त प्रयोगशाळेसाठी आहे, पोटात घेण्याचा किंवा टोचण्याचा नाही. कर्करोगावर नॅनो आकाराची औषधं आहेत. लायपोसोममधलं (स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशवीतलं) डॉक्सोरुबिसिन १९९५ पासून आणि अल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल २००५ पासून अमेरिकेत मंजूर आहे. पण ती कर्करोगतज्ज्ञच देतात.

एवढं करूनही द्रव निळा पडला, तर बॅच क्रमांक, अँटीबॉडीचा बफर आणि मूळ बाटलीतल्या न वापरलेल्या द्रवाचा ४०० ते ७०० नॅनोमीटरचा स्पेक्ट्रम (कोणता प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) पाठवा. बाटलीसोबत दिलेल्या आमच्या स्पेक्ट्रमशी तो जुळला नाही, तर बाटली बदलून देऊ.