महागड्या संचाविना बालवाडी

बालवाडीतील कृतींसाठी विकतचे महागडे साहित्यच लागते, हा समज चुकीचा असून तो खोडून काढणारे काम महाराष्ट्रातच झालेले आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे, आणि पुढे सहकारी अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे, मुलाने साधने हाताळत स्वतः शिकावे हे माँटेसरी पद्धतीचे तत्त्व कायम ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने, माती अशी परिसरातील साधने वापरात आणली. चिंचोके निवडताना, पाने आकारानुसार लावताना किंवा मातीचे गोळे वळताना बोटांना आणि नजरेला जे वळण लागते, ते साधनाच्या किमतीवर अवलंबून नसते. जपायचे ते एवढेच, की लहान मुले चिंचोके नाकातोंडात घालतात. तेव्हा शिक्षिकेचे लक्ष हवेच, आणि ते कोणत्याही संचात मिळत नाही.