एप्सिलॉन एरिडानी की टाऊ सेटी? शेजारचा 'तरुण सूर्य' नक्की कुठला

थंडी सुरू झाली की पुण्यात आकाशदर्शनाचे कार्यक्रम लागतात, आणि मृग वर आला की कोणीतरी विचारतंच की तो आपल्या जवळचा सूर्यासारखा तारा कुठला हो, तो तरुणवाला. मग अर्धे जण म्हणतात टाऊ सेटी, अर्धे म्हणतात एप्सिलॉन एरिडानी, आणि विषय तिथेच राहतो. मला हा विषय मनापासून आवडतो म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

आधी उत्तर सांगतो, तरुण तारा म्हणजे एप्सिलॉन एरिडानी. वय साधारण ४० ते ८० कोटी वर्षं. टाऊ सेटी आपल्या सूर्यापेक्षाही म्हातारा आहे, त्याच्या वयाचे अंदाज ५८० कोटींपासून ८००-९०० कोटींपर्यंत जातात, आणि सूर्य ४६० कोटींचा, म्हणजे तो दोघांच्या मधे कुठेतरी बसतो.

गोंधळ होणं मात्र एकदम साहजिक आहे, कारण कागदावर दोघं भावंडं वाटतात. एप्सिलॉन १०.५ प्रकाशवर्षांवर, टाऊ ११.९ वर. एप्सिलॉनचं वस्तुमान सूर्याच्या ०.८२ पट, टाऊचं ०.७८ पट. प्रत (उजेडाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) बघितली तर ३.७ आणि ३.५, म्हणजे दोन्ही नुसत्या डोळ्यांनी दिसतात पण मंद. दोन्ही एकटे तारे, जोडीदार तारा नाही, आणि दोन्ही आपल्याकडून दक्षिणेच्या आकाशात, शेजारशेजारच्या यमुना आणि तिमिंगल या तारकासमूहांत.

शिवाय ही नावं जोडीनेच प्रसिद्ध झाली. १९६० साली फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँकला २६ मीटरची रेडिओ दुर्बीण वापरून परग्रहावरच्या संदेशांचा पहिला शोध घेतला, प्रोजेक्ट ओझ्मा, आणि त्यासाठी निवडलेले तारे हेच दोन. १४२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटरच्या रेषेवर, काही महिन्यांत मिळून साधारण १५० तास ऐकलं. एप्सिलॉनकडे दुर्बीण वळवल्यावर एकदा जोरदार सिग्नल आलाही, पण तो पृथ्वीवरचाच निघाला. (नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत ना, तिथल्या सगळ्यात वरच्या बँडमध्ये ही फ्रीक्वेन्सी येते, म्हणजे पुणेकरांना हे काही फार लांबचं नाही.) आता मागे वळून बघितलं तर एप्सिलॉनची निवड त्या कामासाठी कच्चीच होती असं माझं मत, कारण पृथ्वीवर रेडिओ बनवणारं कोणी यायला साडेचारशे कोटी वर्षं लागली आणि तिथे अजून शंभर कोटीही झालेली नाहीत. टाऊ सेटीकडे निदान वेळ भरपूर होता.

मग वय कळतं कसं? ताऱ्याकडे नुसतं बघून नाही कळत, कारण सूर्याएवढा तारा एकदा स्थिरावला की शेकडो कोटी वर्षं जवळजवळ तसाच दिसतो. खरी खूण म्हणजे तो स्वतःभोवती किती जोरात फिरतो ही. तरुण तारा जोरात फिरतो, जोरात फिरणाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र तगडं असतं, ते क्षेत्र बाहेर वाहणाऱ्या वायूला खूप लांबपर्यंत आपल्याबरोबर फिरवत नेतं, आणि तो वायू जाताना फिरण्याचा जोर घेऊन जातो, त्यामुळे तारा हळूहळू मंदावतो, मग क्षेत्रही कमकुवत होतं आणि मंदावणंही कमी होत जातं. १९७२ मध्ये अँड्र्यू स्कुमानिच यांनी याचं साधं सूत्र मांडलं, की फिरण्याचा वेग वयाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो, म्हणजे वय चौपट झालं तर वेग निम्मा. एप्सिलॉनची एक फेरी साधारण ११ दिवसांत होते. सूर्याच्या विषुववृत्तावर २५ दिवस लागतात. टाऊ सेटीला ३४ दिवस असं बरीच वर्षं धरलं जायचं आणि २०२३ मधल्या मापनात ते ४६ च्या आसपास आलं. एवढ्या एकाच आकड्यावरून कोण तरुण आणि कोण म्हातारा ते दिसतं.

फिरणं मोजायला डागांचा उपयोग होतो. एप्सिलॉनवर मोठमोठे डाग आहेत, डाग समोर आला की तारा किंचित मंद होतो, मागे गेला की परत उजळतो. वर्णपटात कॅल्शियममुळे उमटणाऱ्या एच आणि के नावाच्या दोन रेषांमध्येही त्याची चुंबकीय धामधूम दिसते, आणि त्यात साधारण ३ वर्षांचं आणि १३ वर्षांचं अशी दोन चक्रं एकावर एक चालू आहेत. आपल्या सूर्याचं ११ वर्षांचं चक्र आपल्याला माहितीच आहे. टाऊ सेटीच्या याच रेषा बघितल्या तर जवळजवळ सपाट, चक्रबिक्र काही नीट दिसत नाही, एकदम शांत झालेला तारा.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण 'सूर्यासारखा' म्हटलं की लोक फक्त वर्णपटाचा प्रकार, म्हणजे तापमान आणि रंगावरून ठरणारा गट बघतात, आपला सूर्य जी२. त्या हिशोबाने टाऊ सेटी जास्त जवळचा, तो जी८, तापमान ५,३०० केल्व्हिनच्या वर, प्रकाश सूर्याच्या साधारण निम्मा. एप्सिलॉन के२, ५,१०० च्या जवळ, प्रकाश एक तृतीयांश, रंग नारिंगीकडे झुकलेला. पण शेजारी ग्रह असेल तर त्याच्यावर काय कोसळतंय हे वयावर ठरतं. एप्सिलॉनचे क्ष-किरण सूर्याच्या कित्येक पट, आणि त्याचा तारकीय वारा, म्हणजे बाहेर वाहणारा तो वायू, दर सेकंदाला सूर्याच्या अंदाजे ३० पट द्रव्य बाहेर फेकतो. पृथ्वीवरचे सगळ्यात जुने खडक साधारण ४०० कोटी वर्षांचे आहेत, म्हणजे ते तयार होत होते तेव्हा आपला सूर्य साधारण एप्सिलॉनच्या आजच्या वयाचा होता. एकूण उजेडात आजच्यापेक्षा मंद पण क्ष-किरण आणि अतिनील किरणांत भयंकर तिखट. आपल्या वातावरणाने आणि समुद्रांनी कशातून दिवस काढले ते समजायचं तर या ताऱ्याकडे बघावं लागतं.

टाऊ सेटीचं अजून एक वेगळेपण आहे, त्यात लोह आणि इतर जड मूलद्रव्यं सूर्याच्या एक तृतीयांशच आहेत. जड मूलद्रव्यं ताऱ्यांच्या पिढ्यांबरोबर वाढत गेली, म्हणून ती त्याच्या वयाशी जुळणारी गोष्ट आहे.

धूळ मात्र दोघांकडे आहे, आणि इथे नुसत्या वयावरून अंदाज बांधला तर फसायला होतं. एप्सिलॉनभोवती धूळ असणार हे पटतंच, तरुण आहे, धूमकेतू-लघुग्रहांची टक्कर चालू असणार, आणि १९९८ मध्ये हवाईतल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीतून त्याचं कडं खरंच दिसलं, सूर्य-पृथ्वी अंतराच्या साठ-सत्तर पट लांबवर. पण म्हाताऱ्या टाऊ सेटीभोवतीही आपल्या कायपर पट्ट्याच्या (नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ तुकड्यांच्या) दहापट तरी माल आहे! म्हणजे तिथे ग्रह असलेच तर उल्कापात आपल्यापेक्षा जास्त होत असणार. सूर्यमाला एवढी स्वच्छ का, हा प्रश्न उलटा आपल्यालाच विचारावा लागतो.

ग्रहांबाबत दोन्हीकडे वाद झालेत, पण कारणं वेगळी. एप्सिलॉनचा ग्रह २००० साली जाहीर झाला, गुरूच्या जातीचा, साधारण ७.३ वर्षांची फेरी. असे ग्रह ताऱ्याच्या मागे-पुढे हेलकावण्याच्या वेगावरून शोधतात, आणि बरीच वर्षं शंका होती कारण डाग आणि चुंबकीय हालचालीमुळे ताऱ्याचा वेग बदलल्यासारखा दिसतो, ग्रह नसतानाही. पुढे मोजमापं साठत गेली तसा तो बहुतेकांनी मान्य केला, आणि २०१५ मध्ये ताऱ्याला रान आणि ग्रहाला एगिर अशी अधिकृत नावं मिळाली. टाऊ सेटीचे ग्रह २०१२ आणि २०१७ मध्ये मांडले गेले पण अजून पक्के नाहीत. तारा शांत असूनही अडचण आहे, कारण आपण त्याच्याकडे जवळजवळ ध्रुवावरून बघतोय. छताच्या पंख्याखाली आडवं झालं की पाती गोल फिरताना दिसतात पण आपल्याकडे येत-जात नाहीत, तसंच. ग्रहांमुळे ताऱ्याला बसणारा हेलकावाही आपल्या दिशेने फारच थोडा दिसतो, आणि ग्रह त्याच पातळीत फिरत असतील तर त्यांची खरी वस्तुमानं आधी वाटली त्याच्या कित्येक पट निघतील, मग ते पृथ्वीसारखे उरणार नाहीत.

बघायचे असतील तर डिसेंबरच्या शेवटी रात्री आठच्या सुमाराला टाऊ सेटी बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून ५५ अंश वर असतो, आणि एप्सिलॉन दहाच्या सुमाराला ६२ अंशांवर. एप्सिलॉनसाठी मृगातला राजन्य धरा आणि तिथून पश्चिमेला सरळ २५ अंश जा, हात लांब करून एक वीत आणि थोडं जास्त. तिथे अडीच अंशांच्या अंतरावर दोन तारे दिसतील, त्यातला पूर्वेकडचा किंचित ठळक तो डेल्टा एरिडानी, तो म्हातारा होऊन फुगायला लागलेला तारा आहे आणि तिप्पट लांब आहे, पश्चिमेकडचा आपला. शहरातून, कोथरूड-हडपसरच्या गच्चीवरून, बायनॉक्युलर लागेलच. पानशेत किंवा भोरकडे गेलात तर डोळ्यांनी सहज.

आणि कोणी म्हणालं की के२ तारा काही खरा लहानपणीचा सूर्य नाही, तर ते बरोबर आहे. हुबेहूब पाहिजे असेल तर कप्पा-१ सेटी बघा, जी५ प्रकार, ३० प्रकाशवर्षं, ९ दिवसांत एक फेरी, वय एप्सिलॉनच्याच आसपास. तोही टाऊसारखा तिमिंगलातच आहे, त्यामुळे 'सेटी' एवढंच ऐकून उत्तर देऊ नका, त्याच्या आधीचं ग्रीक अक्षर विचारून घ्या.