१८०७ ला नक्की काय बंद झालं? गुलामांचा व्यापार की गुलामगिरी?

"ब्रिटिशांनी १८०७ ला गुलामगिरी बंद केली" असं वाक्य नोट्समध्ये, क्विझमध्ये, फॉरवर्डमध्ये सर्रास दिसतं आणि ते चूक आहे. २५ मार्च १८०७ ला जो कायदा झाला त्याने बंद झाला तो व्यापार, म्हणजे आफ्रिकेतून नवीन माणसं विकत घेऊन जहाजात कोंबून आणायची नाहीत, बस एवढंच. जी माणसं आधीच जमैका, बार्बाडोस, अँटिग्वा या ब्रिटिशांच्या कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांवर राबत होती ती मालकाचीच राहिली, आणि त्यांना पुढे होणारी पोरंही मालकाचीच. त्यांच्यासाठीचा कायदा आला १८३३ ला आणि लागू झाला १ ऑगस्ट १८३४ ला. मधली २७ वर्षं कोणी धरतच नाही. (आणि त्यातूनही ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता, आपल्याकडचा कायदा वेगळा, १८४३ चा.)

आता हे दोन्ही नेमकं काय होतं ते बघू.

व्यापार म्हणजे समुद्र. साडेतीनशे वर्षांत साधारण सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजात चढवली गेली, पलीकडे जिवंत उतरली ती एक कोटी सात लाखांच्या आसपास. बाकीची वाटेतच गेली. पुरुषांना दोन-दोन जोडून बेड्या, झोपायला जेमतेम अंगाएवढी फळी, आणि असं सहा ते दहा आठवडे, वारा पडला तर आणखी. सगळ्यात जास्त माणसं हगवणीने मरायची. अलेक्झांडर फाल्कनब्रिज नावाचा डॉक्टर अशा जहाजांवर नोकरीला होता, त्याने १७८८ ला लिहून ठेवलंय की खालच्या मजल्याची फरशी रक्त आणि आवेने पार माखलेली असायची. जे जेवायचं नाकारायचे त्यांचे जबडे लोखंडी अवजाराने उघडून अन्न कोंबायचे, आणि कोणी उडी मारून सुटू नये म्हणून जहाजाच्या कडेला जाळ्या लावलेल्या, म्हणजे मरायचीसुद्धा मुभा नाही. १७८१ मध्ये झाँग जहाजावरून तर १३० च्या आसपास माणसं जिवंत समुद्रात फेकली, आणि नंतर कोर्टात केस उभी राहिली ती खुनाची नाही, माल बुडाला म्हणून विम्याच्या पैशांची!

हे सगळं पोस्टरवर छापता येत होतं, चित्र काढून दाखवता येत होतं, म्हणून लंडनमधल्या लोकांना ते आधी टोचलं असं मला वाटतं. मळ्यावरची गुलामगिरी तशी एका चित्रात मावत नाही.

त्यासाठी मेरी प्रिन्स या गुलाम बाईचं बघा, तिने आपली कहाणी स्वतः सांगून ठेवलीय. ही बाई आफ्रिकेतून आलेलीच नव्हती, जन्मच बर्म्युडा या ब्रिटिश बेटावरचा, त्यामुळे १८०७ च्या कायद्याचा तिच्याशी काही संबंधच नाही. बारा वर्षांची असताना तिला आणि तिच्या बहिणींना एकाच दिवशी बाजारात उभं केलं, आणि तिथवर घेऊन गेली ती त्यांची स्वतःची आई, कारण हुकूमच तसा. गिऱ्हाइकं तिला खाटीक वासरू चाचपतो तशी चाचपत होती असं तिने पुढे सांगितलंय. बोली सत्तावन्न पौंडांवर थांबली आणि बहिणी वेगवेगळ्या घरी गेल्या. पुढे तिला टर्क्स बेटावर मिठागरात धाडलं, पहाटे चारपासून गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं, पायाला फोड यायचे ते काहींचे हाडापर्यंत जायचे, आणि काम कमी पडलं की फटके. १८२८ ला मालक तिला लंडनला घेऊन आला तेव्हा तिने त्याचं घर सोडलं. इंग्लंडमध्ये तिला जबरदस्तीने परत नेता येत नव्हतं, पण नवरा अँटिग्वाला होता आणि ती तिथे पाय ठेवताच पुन्हा गुलाम झाली असती! मालक पैसे घेऊनही सोडायला तयार नव्हता. व्यापार बंद होऊन एकवीस वर्षं झालेली होती हां तेव्हा.

अमेरिकेत तर आकडेच बोलतात. बाहेरून आणायला १ जानेवारी १८०८ पासून बंदी, आणि एकूण तिथे थेट उतरवले गेले ते चार लाखांच्या आत. पण १८६० ला गुलाम किती? जवळपास चाळीस लाख. कारण कायदाच असा की मूल आईच्या दर्जाचं, व्हर्जिनियात १६६२ पासून, बाप मालक असला तरी. बाहेरचा माल बंद झाल्यावर आतला बाजार तेजीत आला, व्हर्जिनिया-मेरीलँडकडून खाली कापसाच्या मुलखात दहाएक लाख माणसं हलवली गेली, कितीतरी साखळीत बांधून पायी. नवरा इकडे, बायको तिकडे, पोरं तिसरीकडे. जमैकात उलटं, तिथे आणलेले दहा लाखांच्या घरात आणि १८३४ ला उरलेले तीन लाख अकरा हजार, उसाने माणसं अक्षरशः खाल्ली.

शेवटही नीट झाला नाही. १८३१ च्या ख्रिसमसला सॅम शार्प या गुलाम माणसाच्या पुढाकाराने जमैकात मोठा उठाव झाला, शेकडोंना मारलं, त्याला १८३२ मध्ये फाशी दिली, आणि त्यानंतर ब्रिटिश पार्लमेंट हललं. तरी १८३४ ला सहा वर्षांवरच्या सगळ्यांना 'अप्रेंटिस' (म्हणजे नावापुरते उमेदवार) करून त्याच मालकाकडे आठवड्याला पंचेचाळीस तासांपर्यंत फुकट राबवलं, ते १८३८ ला संपलं. भरपाई दोन कोटी पौंड, ती मालकांना. त्यासाठीचं कर्ज ब्रिटिश करदाते २०१५ पर्यंत फेडत होते. राबलेल्यांना एक छदाम नाही.

आणि व्यापार आणि गुलामगिरी या दोन्ही गोष्टी एकाच माणसावर येऊन आदळल्या तर काय होतं ते क्लोटिल्डा जहाजात दिसतं. १८६०, अलाबामा. बंदी येऊन बावन्न वर्षं झालेली, तरी आजच्या बेनिनमधल्या ऊइडाहून ११० च्या आसपास माणसं चोरून मोबाईल शहराजवळ आणली आणि पुरावा नको म्हणून जहाज जाळलं. म्हणजे त्यांना आणणं गुन्हा, पण आणल्यावर राबवून घेणं राजरोस. टिमथी म्हीअर, ज्याने हा उद्योग केला, तो खटल्यातून सुटला. आणलेल्यांपैकी एक कोसोला, ज्याला पुढे कजो लुईस म्हणत, पाच वर्षं राबला. १८६५ ला सुटका झाल्यावर या लोकांनी म्हीअरकडे जमीन मागितली, तो नाही म्हणाला, मग मजुरीतून पैसे साठवून जमीन विकत घेतली आणि आफ्रिकाटाऊन वसवलं. कोसोला १९३५ ला वारला.